शुक्रवारचा प्रसाद

"सगळं पुसून टाकलं मी. मुळापासून. आता यात माझं चुकलं काय, ते तुम्हीच सांगा, बुवा."

निळकंठबुवा तांदूळ निवडत होते. त्यांनी सुपातला एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला.

"काय पुसलंस?"

"दादांचा कॉम्प्युटर."

"का?"

"अपडेट होत नव्हता."

बुवांनी मान हलवली. कळलं म्हणून हलवली की कळलं नाही म्हणून, ते त्यांच्या मानेवरून आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

पांगरवाडीच्या टेकडीवर बुवांचा मठ आहे. मठ म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या, पुढे सारवलेली ओसरी आणि दारात एक फणस. मी तिथं येऊन-जाऊन असतो. त्या शुक्रवारी दुपारी ओसरीवर बुवा होते, मी होतो आणि समोर सुबोध पाध्ये बसला होता. वैशाखातलं ऊन होतं, पत्रा तापून कडकड वाजत होता.

सुबोध म्हणजे आमच्या पाध्येमास्तरांचा एकुलता एक मुलगा. त्यांनाच तो दादा म्हणतो. मास्तर पोस्टातून निवृत्त झाले आणि गावातच राहिले. मुलगा पुण्यात एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. घरातले सुटे नव्हेत, खोल्याच्या खोल्या भरून असतात तसले. पोरगा हुशार आहे, यात वाद नाही. ते त्याला फार लवकर कळलं, एवढीच काय ती अडचण. बुवांसमोर बसूनही त्याचा अंगठा फोनवर फिरत होता. मला असल्या माणसांचा मनापासून राग येतो.

तो आला होता बुवांचा एक शब्द न्यायला.

आई गेल्यावर मास्तर घरात एकटे. आता त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, असं सुबोधचं म्हणणं होतं. सोमवारी त्यांना वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं, खोलीही बघून झाली होती. मास्तर मात्र एकच धरून बसले होते. बुवा म्हणाले तर जाईन, नाहीतर या घरातून मला चौघांनीच न्यायचं.

"तुम्ही फक्त 'जा' म्हणा, बुवा," सुबोध म्हणाला. "बाकीचं सगळं मी केलंय."

"म्हणेन. आधी कॉम्प्युटरचं सांग."

"त्याचा इथं काय संबंध?"

"विषय तूच काढलास."

ते खरंच होतं. ओसरीवर टेकल्या टेकल्या, बापाला न्यायचा विषय काढायच्या आधी, तो त्या यंत्राबद्दल बोलायला लागला होता. कुठंतरी खोल लागलं असणार त्याला.

"सकाळपासून पोटात काही नाही," तो म्हणाला. "प्रसाद असला तर द्या थोडा."

कोपऱ्यात देवाच्या चौरंगाजवळ एक पितळी वाटी होती. वर पळसाचं पान, पानावर मुंग्या-मांजरांनी तोंड घालू नये म्हणून ठेवलेला दगड. सुबोधचा हात तिकडे वळला.

"ती राहू दे," बुवा म्हणाले. "ती दुसऱ्या कुणाची आहे."

त्यांनी त्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिलं.

"हं. सांग."

सुबोधनं पाणी पिऊन तोंड पुसलं.

"या वर्षी हेच चाललंय. अपडेट सुरू व्हायचा, निम्म्यापर्यंत जायचा. मग पडद्यावर यायचं, अपडेट पूर्ण होऊ शकला नाही, केलेले बदल मागे घेत आहोत. की पुन्हा जुनंच समोर."

"मग तू काय केलंस?"

"काय नाही केलं ते विचारा. बंद करून चालू केला. प्रिंटर, कॅमेरा, जे जे जोडलेलं होतं ते काढून पाहिलं. अर्धवट उतरलेल्या फायली काढून पुन्हा उतरवल्या. डिस्कवर जागा नव्हती, जागा केली. ... मग लक्षात आलं, घड्याळच चुकलंय."

"कसलं घड्याळ?"

"आतलं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक घड्याळ असतं. बाहेरून जे येतंय ते खरं की खोटं, हे तो तारखेवरून ताडून बघतो. तारीख चुकीची असली की तो बाहेरच्या कुणावर विश्वासच ठेवत नाही. अपडेट दारातूनच परत जातो."

"शहाणा आहे."

"मी तारीख सरळ केली, अपडेट झाला, मी पुण्याला गेलो. पुढच्या खेपेला येऊन बघतो तर तारीख परत मागे. पुढचा अपडेट परत अडकलेला."

"मग?"

"आत एक सेल असतो, सदऱ्याच्या बटणाएवढा. यंत्र बंद असलं तरी घड्याळ चालू राहावं म्हणून. तो संपला असेल म्हणून बदलला. गेलो. आलो. ... पुन्हा मागे!"

त्यानं मांडीवर हात आपटला.

"अख्खी कंपनी माझ्या भरवशावर झोपते, बुवा. आणि घरातला एक जुना डबा मला दाद देत नाही. म्हटलं, बास. आज पहाटे आलो. दादा देवळात गेले होते. तेवढ्यात बसलो आणि सगळं पुसलं. नवी सिस्टिम टाकली. आता तारीख थेट बाहेरून येते. कुणालाही हातानं बदलता येत नाही, त्याला मी कुलूपच घातलंय."

"मास्तरांना विचारलंस?"

"त्यांना काय कळतं त्यातलं?"

बुवांनी सूप हलवलं. तांदूळ एका बाजूला सरकले.

"ते देवळातून आले तेव्हा?"

"तेव्हा पुसून झालं होतं, नवं चढत होतं. दारात उभे राहिले. 'आज सुरू नाही होणार का?' म्हणाले. म्हटलं, होईल, दुपारपर्यंत होईल."

"मग?"

"मग काही नाही. अंगणात जाऊन बसले."

मला मास्तर डोळ्यांसमोर दिसले. धोतराचा सोगा मांडीवर घेऊन ते बसतात तसे. बुवांसमोर मी सहसा बोलत नाही.

"बरं," बुवा म्हणाले. "आता मास्तरांचं सांग. काय झालंय त्यांना?"

"सांगितलं ना, डोकं चालेनासं झालंय."

"कशावरून?"

सुबोध जरा चिडला. आपण सांगितलेलं पुरे पडू नये, याची त्याला सवय नसावी.

"आपला बाजार बुधवारचा. हे पिशवी घेऊन गुरुवारी जातात. रिकाम्या मैदानात उभे राहतात आणि परत येतात. सगळं गाव बघतं."

"एखाद्या वेळी?"

"दर आठवड्याला."

"दर आठवड्याला गुरुवारीच? कधी मंगळवारी, कधी रविवारी, असं नाही?"

"नाही ... गुरुवारीच."

"पुढे."

"पाडवा झाला. लोकांनी गुढ्या उतरवून काठ्या माळ्यावर टाकल्या. आठवडा उलटून गेला. आणि मग एका सकाळी यांनी गुढी उभारली. नवीन खण, साखरेची गाठी, कडुलिंबाचा डहाळा, सगळं रीतसर. शेजारच्या गुरवकाकूंनी मला फोटो पाठवला. मला काय वाटलं असेल?"

"काय वाटलं?"

"लाज वाटली, बुवा."

हे त्यानं खरं सांगितलं. त्या एका वाक्यापुरता मला तो बरा वाटला.

"पुढे."

"पुढचं गेल्या आठवड्यातलं. त्यावरूनच ठरवलं मी सगळं. संकष्टी होऊन गेली तेव्हा हे व्यवस्थित जेवले होते. आणि आता, अवसेच्या आदल्या दिवशी, अवसेच्या बरं का, यांनी संकष्टीचा उपास धरला. रात्री ताम्हन घेऊन अंगणात चंद्राची वाट बघत बसले. चंद्र कुठून उगवणार? गुरवकाकू पहाटे सडा घालायला बाहेर आल्या, तर हे तसेच. उपाशी. ताम्हन मांडीवर. अंग गार पडलेलं."

तो थांबला. त्याचा आवाज जरा बदलला होता.

"एखाद्या दिवशी असेच सापडतील. मग लोक मलाच विचारतील, मुलगा काय करत होता. ... म्हणून नेतोय. टाकून देत नाहीये मी त्यांना."

"टाकून देतोस असं कोण म्हणालं?"

बुवा पुन्हा तांदळाकडे वळले.

मग बुवांनी अगदी सहज विचारलं, "संक्रांतीला तिळगूळ दिला होता का त्यांनी?"

"दिला की."

"कधी?"

"संक्रांतीलाच. ती नाही चुकली. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मधूनच माणूस भानावर येतो."

बुवांचा हात सुपात थांबला.

"संक्रांत तेवढी तारखेनं येते," ते म्हणाले. "यंदा ज्या तारखेला, गेल्या वर्षीही त्याच तारखेला. पाडवा, संकष्टी, ही सगळी तिथीची माणसं. ती दर वर्षी तारीख बदलतात."

"मग?"

"गुढी कोणत्या तारखेला उभारली होती त्यांनी?"

"फोटो तीस मार्चला आला होता."

"तुझ्या त्या फोनमध्ये बघता येईल का, गेल्या वर्षीचा पाडवा कधी होता ते?"

सुबोधनं बघितलं. त्याचा अंगठा पहिल्यांदाच सावकाश फिरत होता.

"कधी होता?"

"... तीस मार्चला."

"आणि गेल्या वर्षीची संकष्टी? त्या रात्री मास्तर चंद्राची वाट बघत बसले, त्या तारखेला काय होतं?"

त्यानं बघितलं. फोन बुवांपुढे धरला. संकष्टीच होती.

"आता वार बघ. काल गुरुवार होता, मास्तर बाजाराला गेले असतील. गेल्या वर्षी कालच्या तारखेला वार कोणता होता?"

"बुधवार."

बुवांनी सूप खाली ठेवलं.

"तुझ्या यंत्रातलं घड्याळ किती मागे होतं म्हणालास?"

"म्हणालो नाही मी. ... एक वर्ष."

"बरोबर एक?"

"बरोबर एक."

"तो बटणाएवढा सेल संपला, तर घड्याळ किती मागे जातं?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याइतकं चांगलं त्या टेकडीवर कुणालाच येत नव्हतं.

"पार मागे जातं," तो हळू म्हणाला. "यंत्र बनलं त्या सालापर्यंत."

"मग हे एकच वर्ष जाऊन का थांबलं?"

...

"कुणीतरी हातानं नेत होतं," सुबोध म्हणाला. "पण दादांना कसं येईल? त्यांना तर माऊस धरायलाही ..."

"तुझ्या वडलांनी पोस्टात काय केलं?"

"सगळंच. मास्तर होते."

"मला त्यांचं एकच आठवतं. सकाळी पोस्ट उघडलं की शिक्का हातात घ्यायचे. त्यातली कालची तारीख काढायची, आजची बसवायची. कोऱ्या कागदावर ठोकून बघायची आणि मगच पहिल्या पत्राला हात लावायचा. नोकरी संपेपर्यंत रोज. तो माणूस तारीख विसरेल, असं वाटलं तुला?"

"मग मुद्दाम? मुद्दाम चुकीच्या दिवशी उपास? ... का?"

"ते मला ठाऊक नाही."

बुवा उठले, चौरंगाजवळ गेले आणि त्या झाकलेल्या वाटीशेजारी बसले.

"गुरुवारच्या आरतीला मास्तर कधी चुकले नाहीत. या वर्षी ते शुक्रवारी यायला लागले. आरती झालेली असते, इथं कुणी नसतं. हात जोडतात, प्रसाद घेतात, जातात. मी म्हटलं नाही की मास्तर, आज शुक्रवार. कालचं गूळखोबरं झाकून ठेवतो. का येता असे, हेही विचारलं नाही. येतात हे पुष्कळ वाटलं मला." ते थोडं थांबले. "विचारायला हवं होतं."

सुबोध त्या वाटीकडे बघत राहिला.

"पुसण्याआधी आत काय आहे, ते बघितलंस?"

"बघितलं. असं कसं पुसेन? फोटो काढून घेतले. दादांची कागदपत्रं घेतली."

"राहिलं काय?"

"काही नाही. ... एका कोपऱ्यात आवाजाच्या फायली होत्या. पुष्कळ. नाव म्हणून नुसती तारीख दिलेली. मला वाटलं, यंत्रानं आपोआप साठवलेला कचरा."

"ऐकल्यास?"

"नाही."

"एखादी?"

"वेळ नव्हता, बुवा."

"तारखा कुठल्या होत्या?"

"गेल्या वर्षीच्या. एक जानेवारीपासून ..." आणि तो थांबला.

तो कशानं थांबला, ते मला तेव्हा कळलं नाही. त्याचा चेहरा मात्र मी पाहिला. उन्हातून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर रक्त असतं, ते सगळं उतरलं होतं.

"आईनं फोन केला होता मला," तो म्हणाला. आमच्याशी बोलत नव्हता तो. "दुखणं कळल्यानंतर. म्हणाली, कॉम्प्युटरला रोज सकाळी काहीतरी बोलायला लावता येतं का रे? त्या त्या दिवशी त्या त्या दिवसाचं? मी म्हटलं, सोपं आहे. शिकवलं तिला फोनवरून. कुठं दाबायचं, कसं बोलायचं, तारीख कशी द्यायची. लगेच जमलं तिला. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, माझी आई बघा या वयात काय शिकली."

"कशाला हवंय, ते विचारलंस?"

"नाही."

त्यानं मान खाली घातली.

"नंतर दुपारी फोन केला की ती म्हणायची, आत्ता नको, मी कॉम्प्युटरवर बसलेय. मला वाटायचं, भजनं भरतेय."

सुबोधच्या आईला, वत्सलावहिनींना, मी ओळखत होतो. पोस्टात तारीख मास्तरांची असली तरी घरातला वार वहिनींचा होता. आज बाजार, आज उपास, आज नवा सदरा, आज मठात जायचं, सगळं त्या सांगायच्या आणि मास्तर करायचे. डॉक्टरांनी त्यांना दिवस मोजून दिले होते, हे गावाला माहीत होतं. त्या दिवसांत त्या काय करत बसल्या होत्या, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात सुबोधच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर 'दादा' असं आलं. तो नुसता बघत राहिला.

"घे," बुवा म्हणाले.

मास्तरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते फोनवर ओरडून बोलतात. ओसरीवर सगळ्यांना ऐकू येत होतं.

"सुबोध? अरे, झालं का तुझं? मी चालू केला हो. पडदा छान झालाय. निळा निळा."

"हो, दादा."

"पण ती बोलत नाहीये रे."

"कोण, दादा?"

कोण, हे त्याला कळलं होतं. तरी त्यानं विचारलं.

"तुझी आई. सकाळी चालू केला की बोलायची. आज बाजार आहे, मेथी आणा, निवडून घ्या, तो बाबा तळाशी पिवळी घालतो. आज उपास आहे, चंद्र बघितल्याशिवाय सोडू नका. वर्षभराचं सांगून ठेवलं होतं तिनं. ते संपलं. मग मी घड्याळ मागे घेऊन परत पहिल्यापासून लावलं. तुला बोललो नाही, तू हसला असतास. ... आवाजाचं बटण कुठं गेलं, तेवढं सांग. मी दाबतो."

सुबोधनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"ऐकतोयस ना? डावीकडे होतं आधी. आता दिसत नाहीये."

"दादा ... मी येतो. मी आलोच."

"सावकाश ये. ऊन आहे. आणि अरे, आज मठात जायचा वार आहे का? ती सांगायची रे. आता तूच सांग, म्हणजे सदरा बदलून बसतो."

सुबोधनं फोन कानाला लावून ठेवला. पलीकडून मास्तर हॅलो हॅलो करत होते. मग ते थांबले आणि फोन बंद झाला.

फणसाखाली कुठंतरी एक पान पडलं.

"परत आणता येईल?" बुवांनी विचारलं.

"नाही."

"तुला येत नाही, की येणारच नाही?"

"येणारच नाही. पुसून त्याच्यावर पुन्हा लिहिलं मी. दोनदा. जुनं काही उरू नये म्हणून. ... ते काम मला फार चांगलं येतं."

हे बोलला आणि मग तो रडायला लागला. मोठा माणूस रडतो तेव्हा कुठं बघावं, ते कळत नाही. मी सुपातल्या तांदळाकडे बघत बसलो. मघाशी आलेला राग माझ्यात शोधून सापडला नाही. फार वाईट वाटलं मला. त्याचं वाटलं, आणि निळ्या पडद्यासमोर बटण शोधत बसलेल्या मास्तरांचं त्याहून वाटलं.

बुवांनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, पुरे म्हणाले नाहीत.

बऱ्याच वेळानं सुबोधनं डोळे पुसले.

"त्यांना काय सांगू मी? खरं सांगू? की ती गेली, दादा, पुन्हा एकदा गेली, आणि या खेपेला मी ..."

बुवा त्याच्याकडे बघत होते.

"घड्याळाचं कुलूप काढतो मी," तो घाईनं म्हणाला. "लगेच काढतो. तारीख मागे नेतो. पण मागे नेऊन काय होणार आता? आत कुणी नाही."

बुवांनी वाटी जवळ ओढली.

"आणि सोमवारचं ... बुवा, सोमवारी मी त्यांना ..."

तेही वाक्य तसंच राहिलं. तो येताना जो शब्द मागायला आला होता, तो त्यानं पुन्हा मागितला नाही.

बुवांनी वाटीवरचा दगड उचलला. पान बाजूला केलं. आत गूळखोबरं होतं, कडेनं जरासं सुकलेलं. त्यांनी वाटी उचलून सुबोधच्या दोन्ही हातांत दिली आणि वर पुन्हा पान ठेवलं. फोन मांडीवरून घसरून ओसरीवर पडला, तो त्यानं उचललाही नाही.

"हे घरी घेऊन जा," बुवा म्हणाले. "ते सदरा बदलायचे थांबले असतील."

सुबोध उठला. पायरीपाशी जाऊन मागे वळला.

"आणि वार विचारला तर?"

बुवांनी सूप पुढ्यात ओढलं आणि एक खडा शोधून बाजूला ठेवला.

"सांग, आज गुरुवार आहे."